खडपावरचं लोखंड

बोअरमध्ये निम्मे पाइप उतरले होते आणि नेमका तेव्हाच बिराप्पाच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याचे दोन्ही हात साखळीवर होते. साखळीला खाली मोटार लोंबत होती, म्हणजे हात सोडायचा प्रश्नच नव्हता. फोन वाजून बंद झाला, परत वाजला. शेवटी बोअरचे मालक हिंमतराव वैतागून उठले, त्यांनी स्वतःच बिराप्पाच्या खिशात हात घातला आणि फोन काढून त्याच्या कानाला लावला.

"बिराप्पा, मी लवू. सोलापुराक इलंय. तुळजापुराक देवीक जातंय. तुझ्या गावाक खयची गाडी रे?"

साखळी हातभर सुटली. घरंगळत गेलेला पाइप बिराप्पानं कसाबसा धरला आणि कडी अडकवली. तामलवाडीच्या पंचक्रोशीत मोटारी उतरवण्यात त्याचे केस पांढरे व्हायला आले होते, पण साखळी सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"आरं, मोटार गेली असती की खाली," हिंमतराव म्हणाले. "कोण हाय ह्यो?"

"कोकणातला पावना हाय. तुळजापूरला देवीला आलाय."

"मग तोंड का असं पाडलंस? पावना आला की माणूस हासतंय."

बिराप्पा हसला. हिंमतरावांना ते हसू पटलं नाही, पण त्यांना पाण्याची घाई होती. बिराप्पानं काम पुरं केलं, पाणी पडलेलं पाहिलं आणि चहाला न थांबता गाडीला किक मारली. पाहुणा पोचायच्या आत त्याला घर गाठायचं होतं. घरात, आईच्या देव्हाऱ्यात, एक वस्तू होती. ती लवूच्या नजरेला पडता कामा नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

आता तामलवाडीचा मोटार मेकॅनिक आणि कोकणातला मासेमार यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली निवेदितामुळं. निवेदिता म्हणजे तुळजापूरच्या विष्णुपंत गुरुजींची मुलगी. गुरुजींच्या विहिरीवरची मोटार बिराप्पाच बघायचा, त्यामुळं पोरगी त्याच्यासमोर वाढलेली. ती शिकून समुद्रातल्या जिवांची शास्त्रज्ञ झाली. पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे ऐकून लोक हसले होते. मग तिनं आणि तिच्या सोबत्यांनी एक शिडाची बोट घेतली. कोकणच्या किनाऱ्यानं वाडी-वाडीला जायचं, पूर्वी कोणते मासे मिळायचे आणि आता कोणते मिळतात हे कोळ्या-गाबितांना विचारायचं, पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ किती जिवंत आहे ते बघायचं, असलं काम. बोट वाऱ्यावर चाले, पण खाडीत शिरायला बारकं डिझेल इंजिन लागे आणि ते इंजिन भारी खोडील होतं. किनाऱ्यावरचे मेकॅनिक वेळेवर येईनात, तेव्हा निवेदितानं फोन केला. "बिराप्पाकाका, एक हंगाम येता का? तुमच्या हाताला इंजिन ऐकतं."

बिराप्पानं तोवर समुद्र पाहिला नव्हता. समुद्राची त्याची ओळख म्हणजे आईच्या गळ्यातली कवड्यांची माळ. विठाबाई देवीची आराधीण. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं मागणारी. लेक समुद्रावर निघाला तेव्हा तिनं गळ्यातली माळ हातात धरून त्याला दाखवली आणि म्हणाली, "ह्या जिथनं येत्यात तिथं निघालास. येताना देवीसाठी कायतरी घिऊन ये."

पहिले दिवस बिराप्पाचे उलट्या काढण्यात गेले. इंजिनाजवळ बसलं की डिझेलचा वास, वर आलं की सगळं हलतंय. खारवाडीच्या बंदरात बोट लागली तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. तिथला लवू तांडेल बोटीवर वाट दाखवायला आला होता. साठी ओलांडलेला, काळा, किडकिडीत माणूस. त्यानं बिराप्पाची अवस्था पाहिली आणि त्याला सरळ घरी नेलं. बायको वारलेली, मुलगा मुंबईला, त्यामुळं चूल लवूच्याच हातात. त्यानं उकड्या तांदळाची पेज केली, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा भाजला आणि समोर बसून वाटी रिकामी होईतो हलला नाही. दुसऱ्या दिवशी बोटीवर त्याला मधोमध उभं केलं आणि म्हणाला, "ढोपरां सैल सोड. ढोपरां सैल सोडलंस की दर्या तुका पाडणा नाय." ढोपरं म्हणजे गुडघे, हे कळायला बिराप्पाला थोडा वेळ लागला. पण गुडघे सैल सोडले आणि खरंच जमलं. चाळिशी उलटलेला माणूस लहान पोरासारखा खूश झाला.

त्या वाडीच्या समोर पाण्याखाली एक मोठं खडक-पठार होतं. त्याला वाडीत खडप म्हणत. त्या खडपावर प्रवाळाचं रान होतं. मोठ्या ओहोटीला त्याची टोकं पाण्याबाहेर डोकावत. वाडीचा एक जुना नेम होता की खडपावर लोखंड टाकायचं नाही. गरी, म्हणजे गळ, टाकून मासे धरा, पण नांगर टाकायचा नाही. होडी वल्ह्यानंच धरून ठेवायची. "थयसर माशांचा घर आसा," लवूनं निवेदिताला सांगितलं. "घराच्या कौलार कोण लोखंड टाकता?" निवेदितानं बोटीवरच्या सगळ्यांना बजावलं. बोट त्या बाजूला न्यायची नाही आणि नांगराला तर कप्तानाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. निवेदिता, कप्तान, सगळे वाडीतल्या बैठकीला किनाऱ्यावर गेलेले. बोटीवर बिराप्पा एकटा. दिवस बुडता बुडता वारा फिरला आणि बोटीचा नांगर वाळूत घसरायला लागला. खडक मागं दिसत होते. बिराप्पानं हाका मारल्या, पण किनारा लांब होता. त्यानं इंजिन सुरू केलं, नांगर वर ओढला, बोट पुढं नेली आणि अंधुक उजेडात अंदाजानं जागा बघून नांगर परत सोडला. साखळी हातातून जात होती आणि तो विहिरीत मोटार सोडताना करतो तसं हातानं तळ ऐकत होता. खाली काहीतरी करकचून धरलं गेलं. ओढून पाहिलं, हलेना. हाताला बरं वाटलं. पक्का बसला, असं तो स्वतःशी म्हणाला. पिढ्यान्पिढ्या खडकात भोकं पाडून पाणी काढणाऱ्या मुलखातला तो माणूस. खाली दगड लागला की काम चांगलं झालं, एवढंच त्याला माहीत.

अंधार पडल्यावर मंडळी परत आली. कप्तानानं विचारलं, "घसरली काय रे बोट?" इथं बिराप्पानं खरं सांगितलं असतं तर शाबासकी मिळाली असती. बोट वाचवली होती त्यानं. पण नांगराला हात लावू नको असं बजावलेलं, आणि एवढ्या शिकलेल्या लोकांत आपण खेडूत, उगाच बोलणी कशाला खायची. तो म्हणाला, "न्हाय, हितंच हाय." साधं वाक्य होतं. अशी वाक्यं माणूस दिवसातून दहा वेळा बोलतो.

सकाळी पुरतं उजाडायच्या आत नांगर वर आला तेव्हा कप्तान मागं सुकाणूवर होता आणि साखळी धुवायला पुढं बिराप्पा. नांगराच्या दातांत पांढरे फाटे अडकलेले. बिराप्पाला वाटलं समुद्रातले दगड असतील. झटकून टाकले. एक मात्र लई सुरेख होता, हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटलेला. आईची आठवण झाली आणि त्यानं तो पिशवीत टाकला.

चार-आठ दिवसांनी निवेदिता त्या खडपावर बुडी मारायला उतरली. वर आली ती रडतच. रात्रभर साखळी वाऱ्यासरशी फिरली होती आणि अंगणाएवढं प्रवाळ मोडून पडलं होतं. हे दगड नसतात काका, ती सांगत होती, हे जीव असतात, वीतभर वाढायला माणसाचा जन्म जातो. बिराप्पा इंजिनाच्या खोलीत जाऊन बसला. पिशवी उशाला होती. त्यातला तो पांढरा तुकडा हळूहळू करडा पडत चालला होता आणि त्याला वास यायला लागला होता. तेव्हा त्याला कळलं की आपण काय आणलंय.

तरी तेव्हाही तो बोलला असता. खरंच बोलला असता. पण निवेदिता म्हणाली, "वाडीतल्याच कुणाचं तरी काम आहे. आपली बोट तिकडं गेलीच नाही." आपली बोट म्हणताना तिच्या बोलण्यात एवढा विश्वास होता की बिराप्पा मान खाली घालून इंजिन पुसत राहिला. ती वाडीत विचारायला गेली. वारा फिरला त्या संध्याकाळी, दिवस बुडायच्या आधी, खडपाच्या बाजूला एकटी लवूची होडी दिसली होती. गरी टाकून बसला होता म्हातारा. वाडीनं अनुमान काढलं. बाहेरच्यांना खडप दाखवणारा हाच, लोखंड टाकणाराही हाच. निवेदितानंही त्याचंच नाव मनात धरलं. वाडीनं लवूला रापणीतून काढलं. रापण म्हणजे वाडीचं मोठं सामाईक जाळं, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं. ज्याचा दोराला हात, त्याचा मासळीत वाटा. पण वाट्यापेक्षा हाताचं महत्त्व जास्त. ज्याचा दोराला हात नाही तो वाडीचा नाही.

हे सगळं बिराप्पाला गावी आल्यावर कळलं, आणि कळलं तेही लवूकडूनच. पावसाळ्यात बोटीचं काम थांबलं आणि बिराप्पा परतला तो परत गेला नाही. लवू अधूनमधून फोन करायचा. तक्रार करायचा नाही. "आता माका रापणीर बोलवणत नाय रे," एवढंच सांगायचा आणि मग तुमच्याकडं ज्वारी कशी आहे ते विचारायचा. बिराप्पा दर वेळी ठरवायचा की पुढच्या फोनला सांगून टाकू. अशी दोन वर्षं गेली.

घरी पोचल्या पोचल्या बिराप्पा देव्हाऱ्यापाशी गेला. खडपावरचा तो तुकडा टाकून द्यायला मन धजेना म्हणून त्यानं तो आईला आणून दिला होता. विठाबाईनं तो पहिल्याच दिवशी उन्हात पांढरा होईतो वाळवून, लाल कापडावर ठेवून देवीच्या टाकाशेजारी बसवला होता. रोज हळदकुंकू. बिराप्पानं तो उचलला आणि पान्ह्यांच्या पेटीत तळाशी ठेवला.

बायको जगदेवी माहेरी मुरुमला गेली होती, म्हणून घरात मायलेकच होते. पण विठाबाईचं लक्ष देव्हाऱ्यावर नाही असं कधी होतं का?

"बिरू, देव्हाऱ्यातला पांढरा देव कुठाय?"

"धुवायला काढलाय आई."

"देव धुवायला तू कवापास्नं लागलास?"

एवढ्यात फाट्यावरून लवूचा फोन आला आणि बिराप्पा सुटला.

लवू आणखी वाळला होता. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, हातात पिशवी. भेटल्याबरोबर त्यानं बिराप्पाला छातीशी धरलं आणि पिशवीतून सुक्या बांगड्यांची जुडी काढली. "तुका आवडता म्हणान हाडलंय." विठाबाईनं नाकाला पदर लावला, पण पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून ती जुडी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगली. "हितं वारा लागंल तिला," ती म्हणाली. मांजर खाली येऊन बसलं ते दिवसभर उठलं नाही.

चहा झाल्यावर लवूनं येण्याचं कारण सांगितलं. तुळजाभवानी त्यांची कुळस्वामिनी. वाडीनं ठरवलं होतं की लवूनं देवीला विचारून यावं. तुळजापूरच्या देवळात चिंतामणी म्हणून एक गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून मनातलं विचारायचं. उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही. लवू आयुष्यात खोटं बोलला नव्हता हे वाडीलाही मान्य होतं. देवी काय म्हणाली ते तो येऊन सांगेल आणि वाडी ते मानेल.

"पण दादा, तुमी न्हाय टाकलं लोखंड," बिराप्पा म्हणाला. "तुमास्नी म्हाईत हाय की."

लवूनं कप खाली ठेवला. "पयला माका खात्री होती. आता नाय. सगळी लोकां सांगतत, तूच टाकलंस, तूच टाकलंस. ती सांज आठवूक बघतंय तर माका काय आठवणाच नाय. म्हातारो झालंय. हाताक सवय असता. टाकलोय असात नांगर माझ्याच हातान." त्यानं दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "ह्याच इचारूचा आसा देवीक. माझो हात की नाय."

लवूची रापण गेली, वाटा गेला, हे तो दोन वर्षं ओझ्यासारखं वागवत होता. पण म्हाताऱ्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही आपणच खाल्ला, हे त्याला आज कळलं. त्याच वेळी मनात एक हलकट विचारही येऊन गेला. दगड डावीकडं फिरला तर? तर लवू सुटेल, वाडी मानेल, आणि आपल्याला काही बोलावंच लागणार नाही. देवी तर खरं जाणतेच. मग ती खरंच सांगेल. हा विचार त्याला इतका बरा वाटला की त्यानं गाडीच्या टाकीत पेट्रोल भरपूर आहे ना ते दोनदा पाहिलं.

तुळजापुरात गर्दी बेताची होती. देवळाच्या वाटेवर दुकानांतून कवड्यांच्या माळा टांगलेल्या. लवू एका दुकानापुढं थांबला, एक माळ हातात घेतली आणि पहिल्यांदाच हसला. "हयसर दर्या नाय, नदी नाय, आणि कवड्यो बघ किती." दुकानदारीण म्हणाली, "घ्या की मामा, देवीची हाय." लवूनं माळ परत ठेवली. येताना घेतो म्हणाला. पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतले, दर्शन झालं, कपाळभर कुंकू लागलं. मग ते चिंतामणीपाशी आले.

पुढं एक नवं जोडपं होतं, त्यांचं हसत-खिदळत झालं. मग लवू बसला. त्यानं दगडावर नाणं ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. त्यानं डोळे मिटले. ओठ हलले. शेजारी उभा असलेला बिराप्पा मनात एकच घोकत होता. डावीकडं फिर गं आई, डावीकडं फिर. आयुष्यात त्यानं एवढ्या मनापासून काही मागितलं नव्हतं, आणि जे मागत होता ते लवूसाठी की स्वतःसाठी हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

दगड थोडा वेळ जागचा हलला नाही. मग हळूहळू, अगदी सावकाश, उजवीकडं फिरला.

लवूनं डोळे उघडले. दगडाला डोकं टेकवलं. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. उलट सुटल्यासारखा दिसत होता. "बरां झाला," तो म्हणाला. "देवीन सांगल्यान. माझोच हात." आणि चालायला लागला. कवड्यांच्या दुकानावरून गेला, पण थांबला नाही.

बिराप्पानं त्याला पायऱ्यांवरच गाठलं. "लवूदादा, थांबा. तसं न्हाय ते. दगड खोटं बोलला."

लवू गर्रकन वळला. "देवीक खोटी म्हणू नको." आजवर त्याचा आवाज चढलेला बिराप्पानं ऐकला नव्हता.

"तिला न्हाय म्हणत म्या. पर लोखंड म्या टाकलं. बोट घसरली म्हणून टाकलं. लोक बैठकीला गेल्तं तवा. लोखंड माझं हाय दादा, तुमचा हात न्हाय."

येणारे-जाणारे बाजूनं जात होते. लवू त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा निवळला. त्यानं बिराप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू बरो माणूस रे. माका वाचवूक बघतस. पण देवीच्या दारात असा कोणी आपल्यार घेवचा नसता."

हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की बिराप्पाला वाटलं, यापेक्षा म्हाताऱ्यानं एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षं जे बोलता आलं नाही ते बोललो, आणि ते उपकार म्हणून मोजलं गेलं. परतीच्या वाटेवर गाडीवर लवू मागं बसला. त्याचा एक हात बिराप्पाच्या खांद्यावर होता.

घरी विठाबाईनं ताटं वाढून ठेवली होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. लवू हात धुवायला वाकला तेवढ्यात बिराप्पानं पेटी उघडली, पान्हे बाहेर फेकले आणि तो पांढरा तुकडा काढून लवूच्या पाटासमोर ठेवला. हळदकुंकवानं माखलेला होता, तरी फाटे स्पष्ट दिसत होते.

विठाबाई म्हणाली, "अगं बया, पेटीत व्हय देव?"

लवू खाली बसला. त्यानं तुकडा उचलला नाही, आधी नुसता बघितला. मग बोटानं एकेक फाटा चाचपत गेला. लहानपणापासून ज्यावर बुड्या मारल्या, ओहोटीला ज्याची टोकं पाहिली, ते तो ओळखणारच. तुकडा त्यानं उलटा केला. खाली, जिथं मोडला होता तिथं, लोखंडाच्या गंजाचा तांबूस डाग होता. कितीही धुतलं तरी तो गेला नव्हता. लवूचं बोट त्या डागावर थांबलं.

"ह्यो खय गावलो तुका?"

"नांगराच्या दाताला. सकाळी. तुमच्या खडपावरनं."

मग लवूनं मान वर केली. "दोन वर्सां. दोन वर्सां तुका ठावक होता?"

"व्हय."

"मी फोन करी होतंय तेव्हा?"

"व्हय दादा."

"कित्याक नाय सांगलस?"

भीती म्हणावी तर कोण त्याला खाणार होतं? लाज म्हणावी तर ती पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर संपली असती. तो म्हणाला, "आदी भ्यालो. मग लई उशीर झाला असं वाटाय लागलं. आन रोज आणखी उशीर हुत गेला."

विठाबाईनं सगळं ऐकलं होतं. ती देव्हाऱ्याकडं बघत होती, तिथल्या रिकाम्या लाल कापडाकडं. "दोन वरीस म्या ह्येला हळदकुंकू वाह्यलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरचं मोडून आणलेलं तू माझ्या देव्हाऱ्यात बशिवलंस, बिरू. मला सांगितलं बी न्हाईस." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून बिराप्पाला वर बघता येईना.

लवूनं परत आपले हात पाहिले. सकाळसारखेच उलटेपालटे करून. "म्हणजे माझो हात नाय," तो पुटपुटला. ते कुणाला उद्देशून नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. बिराप्पा त्याच्या पायाशी वाकायला गेला, तर लवूनं पाय मागं घेतले.

"जेवा दादा," विठाबाई म्हणाली. "त्याच्यावर राग धरा, तुमचा हक हाय. पर उपाशी जाऊ नगा."

"अन्नार राग कित्याक," लवू म्हणाला आणि भाकरी मोडली. सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत जेवला. ताटाला नमस्कार करून उठला. बिराप्पाच्या ताटातली भाकरी तशीच होती. मग लवू म्हणाला, "माझ्याबरोबर येवचा. वाडीतल्या देवळासमोर उभ्या ऱ्हवान तुझ्या तोंडान सांगूचा. मी सांगलंय तर लोकां म्हणतली, म्हातारो आपली कातडी वाचवता."

"येतो," बिराप्पा म्हणाला.

"आणि देवीक काय सांगतलंस? तिणा उजवीकडे फिरवल्यान."

विठाबाई म्हणाली, "तिनं कुणाच्या पायी फिरवला ते तिलाच ठावं. माझा लेक कडंला उभा व्हता न्हवं? तवाबी बोलत नव्हता. मग तिनं बोलतं केलं त्येला." लवू पिशवी आवरायला लागला.

निघायच्या आधी बिराप्पानं निवेदिताला फोन लावला. ती त्या वेळी कुठल्या तरी बंदरात होती, मागं शिडाच्या दोरांचा आवाज येत होता. त्यानं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, वाडीसारखंच मीही लवूदादांचं नाव मनात धरलं होतं. आपल्या बोटीची साखळी मी बघितलीसुद्धा नाही." "मी पण येते खारवाडीला. थांबा माझ्यासाठी." बिराप्पानं हो म्हटलं. तिला धीर द्यावा असं त्याला वाटलं, पण धीर द्यायचा त्याला काय अधिकार होता?

विठाबाईनं तो तुकडा लाल कापडासकट लवूच्या ओंजळीत दिला. कुंकू पुसलं नाही. "तुमच्या घरचा हाय," ती म्हणाली. "हितं पावन्यासारखा राह्यला." मग तिनं गळ्यातली कवड्यांची माळ काढली, क्षणभर हातात धरली आणि परत गळ्यात घातली. देवीची होती ती, तिला ती कुणाला देता येत नव्हती.

सोलापूरची गाडी बऱ्यापैकी रिकामी आली. लवू पुढं चढला आणि खिडकीजवळ बसला. मांडीवर लाल कापडातला तुकडा घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. शेजारची जागा मोकळी होती. बिराप्पा तिथं येऊन थांबला. लवू खिडकीबाहेर हुरड्यावर आलेल्या ज्वारीकडं बघत होता. तो सरकला नाही, बस म्हणाला नाही.

"बसा की मामा," कंडक्टर म्हणाला. "जागा हाय."

"असू द्या," बिराप्पा म्हणाला आणि वरच्या दांडीला धरून उभा राहिला.

रस्त्याचं काम चाललेलं. गाडी आदळत, आपटत निघाली. प्रत्येक खड्ड्याला लवूचे दोन्ही हात त्या कापडावर घट्ट बसत आणि परत सैल होत. एका मोठ्या खड्ड्यात गाडी गेली आणि बिराप्पाचा तोल गेला. तो पुढच्या सीटवर आदळला, सावरला, परत दांडी धरून ताठ उभा राहिला. पुढच्या खड्ड्याला परत तेच झालं.

लवूनं खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"ढोपरां सैल सोड," तो म्हणाला.

बिराप्पानं गुडघे सैल सोडले.